नऊ नंबर वॉर्डाची झोप

राज्यातल्या मनोरुग्णांना एकूण किती खाटा लागतात, असं कुणी विचारलं तर दिगंबर सातपुते फाईल न उघडता सांगत : दोन हजार एकशे चाळीस. आकडा दर पंधरवड्याला बदलायचा, पण त्यांना तो पाठ असायचा. पूर्वी असं नव्हतं. लाखामागे इतक्या खाटा, असं कधीतरी कुणीतरी एका बैठकीत ठरवून टाकलं होतं, आणि पुढची चाळीस वर्षं साहेब लोक त्या आकड्याला लोकसंख्येने गुणत बसले होते. गुणाकार बरोबर यायचा. तरी एका जिल्ह्यात खाटा रिकाम्या पडायच्या आणि दुसऱ्या जिल्ह्यात एका गादीवर दोघं झोपायची.

सातपुते आरोग्य खात्याच्या नियोजन कक्षात सांख्यिकी अधिकारी होते. वय छप्पन्न, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढणारा, आणि निवृत्ती जवळ आली की माणसाच्या खांद्यांना जो उतार येतो तो आलेला. कक्षात येण्याआधी चौदा वर्षं ते साखरवेलच्या मनोरुग्णालयात कारकून होते. सिस्टरांच्या पाळ्यांचे तक्ते लावणं हे तिथलं त्यांचं मुख्य काम. कुणाला रात्रपाळी कधी, कुणाची सुट्टी कुणाशी बदलायची, यावरून त्यांनी इतकी बोलणी खाल्ली होती की पुढे खात्यात कुणी कितीही आवाज चढवला तरी त्यांना काही वाटेनासं झालं.

मग २०३८ साली 'लय' आली.

आपल्या मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराचं घड्याळ चालवतो. झोप कधी यायची, पहाटे अंग कधी गार पडायचं, जाग येण्याआधी रक्तात कुठली रसायनं चढायची, हे सगळं त्याच्या तालावर चालतं. धडधाकट माणसात या गोष्टी एकत्र कुटुंबासारख्या ठरल्या वेळी पंगतीला बसतात. मनाचा आजार उलटायचा असला की आधी ही पंगत मोडते. अंगाची ऊब एका वेळेला, नाडी दुसऱ्या वेळेला, झोप तिसऱ्याच. माणूस मात्र अजून हसत-बोलत असतो, कामावर जात असतो, आपल्याला काही होणार आहे हे त्याच्या गावीही नसतं. डॉक्टरांना याचा वास फार पूर्वीपासून होता. नवी होती ती 'लय', मनगटावर बांधायची एक पट्टी. घामातून आणि कातडीच्या उष्णतेतून ती हे सारं मोजायची, त्याची एक रेघ काढायची, आणि आजार उलटायच्या अठरा-वीस दिवस आधी सांगायची. दहात नऊ वेळा तिचं खरं व्हायचं.

नियोजन करणाऱ्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. कोण कधी आजारी पडणार हे आधी कळत असेल, तर खाटा नुसत्या मांडून ठेवायच्या कशाला? सगळ्या रेघांची बेरीज करा, तेवढ्याच खाटा ठेवा, आणि जिथे रेघ चढते आहे त्या माणसाच्या नावाने खाट राखा. या बेरजेत सातपुत्यांनी आपला एक नियम घातला. ज्याची रेघ सलग नव्वद दिवस सरळ आहे तो बरा, आणि त्याची खाट मोकळी. नियम साधा होता आणि न्यायाचाही वाटत होता. एका वर्षात त्याने राज्यभर साडेसातशे खाटा मोकळ्या केल्या. खात्याच्या वार्षिक अहवालात सातपुत्यांचा फोटो छापून आला, आणि शैलजाने तो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

शैलजा म्हणजे त्यांची बायको. घरी शिवणकामाचा क्लास चालवायची. चोवीस वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा आजार झाला, तेव्हापासून घरात त्याला दोनच शब्द होते, चढ आणि उतार. चढ आला की ती झोपायची नाही. सहा-सहा दिवस मशीन चालू, कपाटातल्या साड्या कापून त्यांच्या पिशव्या व्हायच्या आणि त्या रस्त्यातून जाणाऱ्याला वाटल्या जायच्या. तेवढंच असतं तर साड्या गेल्याचं कुणाला दुःख नव्हतं. पण चढामागून उतार यायचा, आणि मागच्या उतारात ती पाटबंधाऱ्याच्या कालव्याच्या काठी सापडली होती. एका मेंढपाळाने तिला हाताला धरून परत आणलं होतं.

आता तिच्या मनगटावर पट्टी होती आणि तिची रेघ सातपुत्यांच्या फोनवर दिसायची. सकाळी उठल्यावर ते आधी रेघ बघत आणि मग तिच्याकडे. ती मोठ्याने हसली की त्यांचा हात खिशाकडे जायचा. एकदा क्लासच्या मुलींसमोर ती कशावरून तरी खूप हसली, आणि दारात फोन काढून उभ्या असलेल्या नवऱ्याला बघून एकदम गप्प झाली. संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली मला कशी आहेस म्हणून विचारत नाही." विचारायची गरज उरली नव्हती, हे उत्तर द्यायला सातपुत्यांना लाज वाटली.

मार्चच्या पहिल्या सोमवारी तिची रेघ वाकली. अठरा दिवस, असं फोनवर आलं. आणि त्याखाली : साखरवेल, महिला विभाग, प्रतीक्षा क्रमांक पाच.

सातपुत्यांनी ते तीनदा वाचलं. ज्या यादीचे नियम आपण लिहिले तिच्यात आपल्याच माणसाचा पाचवा नंबर यावा, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. खाट इतक्यात सुटण्यासारखी नव्हती. शेजारच्या तीन जिल्ह्यांतही तीच गत. खासगीत ठेवायचं तर चार दिवसांत घर विकायची पाळी आली असती. त्यांनी शैलजाला काही सांगितलं नाही, पण तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली.

त्याच गुरुवारी उपसंचालक देवयानी ठोसर यांनी त्यांना बोलावलं. ठोसर बाई पस्तिशीच्या, हुशार, कुणाशी वावगं न बोलणाऱ्या. पुढच्या पाच वर्षांचा खाटांचा आराखडा महिनाअखेर मंत्रालयात जायचा होता आणि त्यात त्यांना एकच खडा लागत होता. साखरवेलच्या नऊ नंबर वॉर्डात वर्षानुवर्षं राहिलेल्या तेहतीस बायका होत्या. बहुतेकींनी साठी ओलांडलेली. त्या सगळ्यांच्या रेघा राज्यात सगळ्यात वाकड्या होत्या, सतत उलटण्याच्या बेतात. पण दोन वर्षांत वॉर्डात आरडाओरडा नाही, एक काच फुटल्याची नोंद नाही. ठोसर बाई म्हणाल्या, की तुमचं तिथे जाणं-येणं होतं, तेव्हा जाऊन खात्री करून या आणि पडताळणीवर सही करा. नोंदी चुकीच्या असतील तर तेहतीस खाटा एकदम सुटतील, प्रतीक्षा यादी धुऊन निघेल.

सातपुते जागेवर आले आणि त्यांनी नऊ नंबरच्या रेघा पडद्यावर एकाखाली एक लावल्या.

यंत्र प्रत्येक माणसाची रेघ एकटी बघायचं. त्यांनी तेहतीस एकत्र बघितल्या. आठवडाभर झोप दिवसा, जाग रात्री. मग दोन दिवस मोडतोड. मग दोन आठवडे ठीक, की पुन्हा उलट. आजार असा पाळीपाळीने येत नाही. आणि तो एकाच सोमवारी नऊ जणींना येऊन पुढच्या सोमवारी दुसऱ्या नऊ जणींकडे जात नाही. रेघा तीन-तीनच्या गटांनी हुबेहूब होत्या. चोवीस डिसेंबरला तर त्यातल्या बारा 'म्हाताऱ्या' रात्री दोनपर्यंत जाग्या होत्या, आणि त्यांच्या नाड्या गाणी म्हणत फिरणाऱ्या माणसासारख्या लागल्या होत्या. साखरवेलला सिस्टरांत नाताळ पाळणाऱ्या चौघी होत्या. चार त्रिक बारा.

याचा अर्थ त्यांना कुठे शोधावा लागलाच नाही. असे तक्ते त्यांनी स्वतः चौदा वर्षं आखले होते. त्या रेघा पेशंटांच्या नव्हत्याच. ती सिस्टरांची झोप होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते साखरवेलला पोचले. नऊ नंबरच्या इन्चार्ज एस्तेर साळवे बाहेरच्या बाकावर बसून औषधांची यादी तपासत होत्या. सत्तावन्न वर्षांच्या, जाड भिंगांच्या, चालताना एका पायावर किंचित कलणाऱ्या. शैलजाला दोनदा त्यांनीच सांभाळलं होतं. सातपुत्यांना बघून त्यांनी शैलजाची तब्येत विचारली आणि मग त्यांच्या हातातल्या फाईलकडे पाहिलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, अशी ती नजर होती. त्यांनी उजव्या पायातला पांढरा मोजा खाली केला. घोट्याच्या वर एकाखाली एक तीन पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या कडेने कातडी लाल होऊन सोलली होती.

सातपुत्यांनी विचारलं की हे कधीपासून.

"आठ नंबर रिकामा केलात ना, त्या आठवड्यापासून," एस्तेरबाई म्हणाल्या. "पट्ट्या नोंदवायला पेटी आली, तेव्हाच आम्ही अकरा जणींनी आपापल्या पायावर नोंदवल्या. कुणाचा पाय आहे ते तुमच्या यंत्राला काय कळतंय? तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरत्या बायकांच्या हातात बांधतो."

आठ नंबर हा पुरुषांचा वॉर्ड. तिथल्या एकेचाळीस जणांच्या रेघा नव्वद दिवस सरळ होत्या म्हणून त्यांना बेघरांच्या निवाऱ्यात हलवलं होतं. वार्षिक अहवालात सातपुत्यांच्या फोटोखाली त्याबद्दलचं वाक्य होतं : यांपैकी एकही रुग्ण पुन्हा दाखल झाला नाही. एस्तेरबाईंनी टेबलाच्या खणातून आपली डायरी काढली आणि शेवटचं पान उघडून त्यांच्या हातात दिली. एकेचाळीस नावं होती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्च झालं की त्या निवाऱ्यात जात असत. पहिल्याच थंडीत नऊ गेले. सहा जण कुठे निघून गेले ते कुणाला माहीत नाही. एक जण रोज सकाळी या फाटकाशी येऊन बसायचा आणि आत घ्या म्हणायचा. त्याच्याकडे दाखल करून घ्यायची चिठ्ठी नव्हती. आतापर्यंत मेलेल्या एकोणीस जणांच्या नावांपुढे डायरीत बारीक फुल्या होत्या.

सातपुत्यांना हा आकडा माहीत नव्हता. माहीत असायचं कारणच नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना पट्टी काढून घ्यायची, असाही त्यांचाच नियम होता, आणि पट्टी निघाली की रेघ संपायची. परत कुणी आलं नाही हे खरंच होतं. ते डायरीचं पान त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी फुल्या एकोणीसच भरल्या.

आत खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी मांडी घालून तांदूळ निवडत होती. हौसाबाई तिचं नाव. एकतीस वर्षं इथे. भावाने आणून सोडलं, भाऊ मेला, भाच्यांना धाडलेलं पत्र परत आलं. सातपुत्यांनी तिला, आता कसं वाटतं, असं विचारलं. सरकारी माणूस विचारतो तसंच विचारलं.

"मी बरी हाय की," हौसाबाई म्हणाली. "बावीस वर्सं झाली बरी हून. पन बरं हून जायाचं कुटं, त्ये काय कुनी सांगंना, दादा."

तिने सूप झटकलं आणि त्यांना खाली बसायला सांगितलं, उभ्याने गुडघे दुखतात म्हणून.

परतीच्या बसमध्ये त्यांनी डोळे मिटले, पण झोप आली नाही. ते काही संत नव्हते. प्रवासभर त्यांच्या डोक्यात हौसाबाई नव्हती, शैलजा होती. खरं लिहिलं की तेहतीस खाटा सुटतात, पाचवा नंबर पहिल्या झटक्यात लागतो. आणि खरं लिहिणं हीच तर आपली नोकरी. एरवी माणसाला स्वार्थ साधायला खोटं बोलावं लागतं. इथे नुसती इमानदारी केली तरी पुरत होतं. मग हात का आखडतोय, हे त्यांना समजत नव्हतं, आणि त्याचा त्यांना रागही येत होता.

त्यांनी एक मधली वाट काढून पाहिली. ठोसर बाईंना त्यांनी तोंडी विचारलं, की समजा एखादी व्यक्ती बरी आहे पण तिला जायला जागा नाही, तर आराखड्यात तिची खाट कुठे दाखवायची? बाईंनी प्रश्न नीट ऐकून घेतला.

"ते समाजकल्याणकडे येतं, सातपुते सर," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे तो रकानाच नाही. एकदा घातला तर प्रत्येक जिल्हा त्यातच माणसं भरेल." मग त्यांनी आठवण करून दिली की पडताळणी सोमवारपर्यंत हवी.

त्या म्हणाल्या त्यात चूक काहीच नव्हतं. रकाने सातपुत्यांनीच केले होते.

शनिवारी दुपारी त्यांनी शैलजाला सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तिची रेघ आता तेरा दिवसांवर आली होती आणि घरात दोघं एकमेकांना चुकवत फिरत होती. ती मशीनसमोर बसली होती, मशीन बंद होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. हौसाबाईचं नाव निघालं तेव्हा तिने मान वर केली.

"ती रोज माझी वेणी घालायची," शैलजा म्हणाली. "मी तिच्या अंगावर ओरडायचे. फणी फेकून मारली होती एकदा. तरी दुसऱ्या दिवशी यायची." तिने मशीनवरचा सुटलेला दोरा गुंडाळला. "तिला उठवून मला तिथे झोपवू नका."

सातपुत्यांनी मान हलवली. त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

"आणि मला घरीही ठेवू नका हो," ती म्हणाली. "मला माझी भीती वाटते. या वेळी कालव्यावर कुणी मेंढ्या घेऊन येईलच असं नाही."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते खरं, पण म्हणीतल्या माणसाला निदान कुणी दोन्हीकडून हाक मारत नसतं. सातपुते उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवून ते आटेपर्यंत नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी एस्तेरबाईंना फोन केला. फार बोलणं झालंच नाही. वॉर्डात खाट नाही, पण भिंतीलगत एक गादी पडेल, असं त्या म्हणाल्या. नोंद करायची नाही. डॉक्टर रोज येतात, भला माणूस आहे, कधी डोळे झाकायचे ते त्यांना कळतं. तुमच्या सहीसाठी मी हे करत नाहीये, असंही त्या म्हणाल्या, आणि सातपुत्यांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना ते सोयीचं होतं.

सोमवारी त्यांनी पडताळणीच्या कागदावर 'नोंदी संबंधित रुग्णांच्याच आहेत' या चौकटीत खूण केली आणि सही केली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खोट्या कागदावर केलेली ती त्यांची पहिली सही. आराखड्यात नऊ नंबरपुढे तेहतीस हा आकडा पाच वर्षांसाठी कायम झाला.

शैलजाला घेऊन ते गेले त्या दिवशी एस्तेरबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. रंजना तुपे नावाची सिस्टर महिनाअखेर निवृत्त होत होती आणि तिच्या पायावरच्या तीन पट्ट्यांना पाय नव्हते. दोन मी घेते, त्या म्हणाल्या, पण तिसरीला माझ्या पायावर जागा राहत नाही. तिसरी हौसाबाईची होती. सातपुते म्हणाले की माझी झोप सरळ आहे, सिस्टर, मी दिवसाचा माणूस. एस्तेरबाईंनी भिंतीलगतच्या गादीकडे पाहिलं. शैलजा तिथे बसून आपल्या पिशवीतल्या कपड्यांच्या तिसऱ्यांदा घड्या घालत होती, भरभर, कुणी मागे लागल्यासारखी.

"बायको इथे असताना?" एस्तेरबाई म्हणाल्या. "बांधा तर खरं."

त्यांनी मोज्याच्या आत पट्टी बांधली.

रेघेने सांगितलं होतं त्याच्या एक दिवस आधी चढ आला. या वेळचा चढ मोठा होता. सातपुते दर रविवारी जात. शैलजा कधी त्यांना ओळखून शिव्या द्यायची, कधी न ओळखता नमस्कार करायची. तिचे केस मात्र नेहमी विंचरलेले असत.

प्रतीक्षा यादीतून तिचं नाव काढता येत नव्हतं. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं. त्यामुळे यादी रोज फोनवर यायची. तिच्यावर चार नंबरला कुणीतरी होतं. नाव दिसत नसे, फक्त वय आणि तालुका : एकोणीस वर्षं, डोंगराकडचा एक लांबचा तालुका. सातपुते कार्यालयात बसून त्या मुलीची रेघ बघू शकत होते आणि बघत होते. ती शैलजाच्या मागोमाग चढत होती. एस्तेरबाईंकडे आणखी एका गादीसाठी शब्द टाकता आला असता. त्यांनी दोनदा फोन हातात घेतला. पण नाव कुठून काढायचं, घरच्यांना कुणी कळवायचं, बाहेर फुटलं तर सगळ्याच बायकांचं काय होईल, असं करत करत त्यांनी तो खाली ठेवला. उद्या करू म्हणाले. ते घोंगडं तसंच भिजत राहिलं.

एप्रिलच्या चौथ्या तारखेला त्या मुलीची रेघ दुपारी सव्वातीनला थांबली. कारणाच्या जागी 'संपर्क नाही' असं होतं. पट्टी निघाली असेल, बॅटरी संपली असेल, डोंगरात रेंज नसेल. पाच दिवसांनी, ते डबा खात असताना, फोन वाजला.

आपला प्रतीक्षा क्रमांक आता चार.

त्या आठवड्यात साखरवेलला एकही खाट सुटली नव्हती. हे राज्यात त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी डबा झाकला. तालुक्याच्या आरोग्य केंद्राला एक फोन केला असता तर काय झालं ते कळलं असतं. तो फोन त्यांनी केला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तेहतीस जणी वाचल्या, हे ते स्वतःला सांगत. शैलजा वाचली, हेही सांगत. दोन्ही खरं होतं, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ते खरं काही उपयोगाला येत नव्हतं.

शैलजा मे महिन्यात घरी आली. बारीक झालेली, आवाज खोल गेलेला, पण डोळे स्वच्छ. उतार आला तो तिथेच, एस्तेरबाईंच्या नजरेखाली आला आणि सौम्यपणे गेला. तिने हळूहळू मशीनची धूळ पुसली, एका परकराला नेफा शिवला. सातपुत्यांना खूप आनंद व्हायला हवा होता. त्यांना थकवा आला. आनंद कुठेतरी मागे राहिला आहे आणि तो गाठायला आपल्याला परत चालत जावं लागेल, असं काहीतरी त्यांना वाटे.

जूनच्या मध्यावर कार्यालयात दुपारची यादी आली. खाट राखीव ठेवावी, अशा माणसांची. सातवं नाव : हौसाबाई, वय एकाहत्तर, साखरवेल, वॉर्ड नऊ. सोळा दिवस.

सातपुत्यांना क्षणभर बरंच वाटलं. पट्टी आपलं काम चोख करत होती. त्यांनी सवयीने ती रेघ उघडली, रात्रपाळीचा तक्ता बघायच्या तयारीने.

तक्ता नव्हता. पाळी कुठेच दिसत नव्हती. झोप रोज चाळीस-चाळीस मिनिटांनी पुढे सरकत गेली होती आणि परत जाग्यावर आलीच नव्हती. अंगाची ऊब वेगळीकडे, नाडी वेगळीकडे. सिस्टरांची रेघ उलटते आणि सुट्टी मिळाली की घरी येते. ही घराकडे वळायचं नाव घेत नव्हती. एप्रिलच्या नऊ तारखेपासून ती खाली चालली होती. चढ नव्हताच, सरळ उतार. जागरणाची रेघ कुठली आणि आजाराची कुठली, हे राज्यात नक्की सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्या माणसाला शंका घ्यायला जागा राहिली नाही. त्यांनी टेबलाखाली वाकून मोज्यावरून घोटा चाचपला.

मग त्यांनी, दुसऱ्या कुणासाठी बघावं तसं, साखरवेलच्या पुरुष विभागाची प्रतीक्षा यादी उघडली. अठ्ठावीस नावं होती. आठ नंबर वॉर्ड असता तर यादी एवढी झाली नसती. पण त्या वॉर्डाला आता नवा रंग दिला होता आणि तिथे नियोजनाची प्रशिक्षणं चालत. सातपुत्यांनी स्वतः तिथे तीन भाषणं दिली होती.

म्हणजे त्यांच्या आजारासाठी राज्यात खाट राखली गेली होती. एकच होती, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळ. जेवणं आटोपली असतील, हौसाबाई तिच्यावर आडवी झाली असेल. समोरचा पडदा विचारत होता, नोंद खरी आहे का. नाही म्हटलं तर ती खाट आजच्या आज मोकळी होणार होती. सातपुत्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा घातला, आणि 'हो'वर बोट ठेवलं.